परशिडेंटीणबाईंची फायनल

समोरच्या शाळेत पुन्हा परीक्षेचं सेंटर आलं आहे, म्हणजे आता पेपर संपेपर्यंत माझं डोकं ठिकाणावर नसणार. भाचेसून म्हणते, "आत्या, परीक्षा पोरींची आहे, तुमची नाही. आत या, ऊन लागेल." मी येत नाही. गॅलरीत खुर्ची टाकून बसते. सकाळपासून पोरी जमू लागतात. कुणी स्कूटरवरून उतरते, कुणी बापाच्या मागं बसून ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत येते. आया फाटकाशी पाण्याच्या बाटल्या घेऊन उभ्या असतात. मग घंटा होते, सगळा रस्ता गप्प होतो आणि कडुनिंबाचा फुलोरा तेवढा गळत राहतो. चैत्रातला तो कडसर वास नाकात शिरला की मी नगरमधल्या या घरात राहत नाही. मी आमच्या गावच्या शाळेत असते, हातात रूळ, समोर सातवीच्या पोरी, आणि त्यांच्या मागं, भिंतीला टेकून, यमुनाबाई.

गाव जामखेडकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं. नाव सांगत नाही. ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांची नातवंडं अजून तिथं आहेत आणि मला या वयात कुणाशी वाद घालायचा नाही. गावाला छोटीशी नगरपालिका होती. ती रस्त्यावर कंदील लावायची, नाल्या उपसायची आणि कापसाच्या जुन्या वखारीत मुलींची शाळा चालवायची. त्या शाळेची हेडमास्तरीण मी, मदतनीसही मीच आणि सकाळी झाडलोट करणारीही मीच. लग्न होऊन वर्ष उलटायच्या आत माझं कुंकू गेलं. सासरी मला कोपऱ्यात बसवलं होतं. वडील आले, मला हाताला धरून उठवलं आणि पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात नेऊन घातलं. त्या एका माणसामुळं मी बाई झाले. गोड बाई मात्र कधीच नव्हते. पोरी मला चळाचळा कापायच्या, आणि कापायला पाहिजे असंच माझं मत होतं.

स्वातंत्र्य येऊन दुसरा हिवाळा लागला होता. वरून हुकूम आला की सातवीला नागरिकशास्त्र नीट शिकवा, उद्याचे नागरिक घडवा. पुस्तक पातळ होतं. त्यात नगरपालिका, तिचे सभासद, अध्यक्ष आणि त्यांची कामं होती. गावात अध्यक्षाला कुणी अध्यक्ष म्हणत नसे. तो परशिडेंट, आणि त्याची बायको ती परशिडेंटीणबाई. मी अध्यक्षाची कामं फळ्यावर लिहिली. पोरींनी उतरवून घेतली. तेवढ्यात रशीदानं हात वर केला. ही पिंजाऱ्याची मुलगी. बाप कापूस पिंजायचा, त्यामुळं तिच्या केसांत कायम एखादी पांढरी तूस असायची. वर्गात तिच्याइतकी चौकस पोर दुसरी नव्हती.

"बाई, आन् परशिडेंटीणबाईचं काम काय आसतं?"

मी म्हटलं, पुस्तकात नाही. ती म्हणाली, पण गावात हाय की. मी रागावले आणि सांगितलं, घरी जा, आयांना-आज्यांना विचारा, आजवर गावात किती परशिडेंटीणबाया झाल्या आणि त्यांनी काय काय केलं, ते उद्या येऊन सांगा. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला धडा असा रागाच्या भरात निघाला.

दुसऱ्या दिवशी वर्गात नुसता कालवा. हिरा म्हणाली, तिच्या आजीला पहिल्या परशिडेंटीणबाईचं नावसुद्धा ठाऊक नाही. "आजी म्हन्ती तिला कोनी बघितलीच न्हाई. साहेबलोक आले की तिच्या हातचं लाडू बाहेर यायचं. लाडू बघितलंय म्हन्ती." सगळा वर्ग हसला. मीही हसले. एक बाई आयुष्यभर माजघरात राबली आणि गावाला तिची ओळख लाडवांपुरती, हे हसण्यासारखं नाही, हे मला पुष्कळ उशिरा, घरी ताट वाढून घेताना जाणवलं.

दुसरीचं नाव सगळ्यांना माहीत होतं. ती लढाईच्या दिवसांतली. कलेक्टरची मडम गावात आली तेव्हा ही तिच्या शेजारी बसली होती. तिनं बायका जमवून सोल्जरांसाठी लोकरीचे मोजे विणून घेतले. आमच्या गावात लोकर मेंढ्यांच्या अंगावर होती, पण सुया धरायला कुणाला येत होतं? एकेक मोजा असा निघाला की त्यात दोन पाय जावेत. संक्रांतीला मात्र तिच्या हळदीकुंकवाला अख्खं गाव लोटायचं. "तिनं रेशनची साकर असूनबी तिळगूळ केला हुता," असं एका पोरीनं सांगितलं, आणि तो तिळगूळ आपणच खाल्ल्यासारखं तिचं तोंड झालं.

"आणि तिसरी?" मी विचारलं.

वर्गानं एकदम मागं वळून पाहिलं. कारण तिसरी मागंच बसली होती. यमुनाबाई तेव्हा आठवड्यातून दोनदा शाळेत यायच्या. पहिल्यांदा आल्या त्या पाण्याचा रांजण बघायला. मग पोरींना संडास नाही म्हणून मोठ्या पोरी दुपारनंतर घरी पळतात हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी नवऱ्याच्या मागं लागून वखारीमागं दोन संडास बांधून घेतले. तेवढ्यानं माझी सातवी टिकली. पुस्तकातल्या कुठल्याच अध्यक्षाच्या कामांत ते काम नव्हतं.

रशीदा उठून म्हणाली, "तिसऱ्या परशिडेंटीणबाई शाळंत येत्यात आन् आमच्यासंगं शिकत्यात." मग थोडं थांबून, "बाई, ह्या निवडून येत्यात का?"

मी म्हटलं, नाही गं, नवरा निवडून येतो. यमुनाबाई मागून म्हणाल्या, "आन् नवऱ्याला मी निवडला न्हाई, माझ्या बापानं निवडला." पोरी पुन्हा हसल्या. त्या धड्यात शेवटी मी फळ्यावर लिहिलं होतं की परशिडेंटाच्या बायकोचं काम काळाप्रमाणे बदलत गेलं. आधी माजघर, मग ओसरी, आता शाळा. मला त्या वाक्याचा अभिमान वाटला होता. पुढं काय, असं रशीदानं विचारलंच. मी म्हटलं, पुढं कधीतरी बाईच परशिडेंट होईल, कायद्यानं होता येतं. ते मात्र वर्गात एकीलाही पटलं नाही.

यमुनाबाई तिशीच्या आसपास असतील. माहेर पारनेरकडचं, पावसाच्या भरवशावरचं गाव. तिसरीत असताना लग्न झालं आणि शाळा सुटली. सासर मोठं, जमीनजुमल्याचं. घरात नवरा, सासू, लहान दीर आणि एक पाच-सहा वर्षांची मुलगी. बक्षीस समारंभाला त्यांना बोलवायची पद्धत होती. त्या नवऱ्याशेजारच्या खुर्चीवर बसायच्या आणि पोरींच्या हातात पाट्या, चित्रांची पुस्तकं ठेवायच्या. त्या वर्षी, हा धडा व्हायच्या आधी, समारंभ संपल्यावर सगळे गेले, त्या मागं राहिल्या. मी सतरंज्या गुंडाळत होते.

"बाई, एक इचारू? हसणार न्हाई ना?"

"विचारा, वहिनी."

"मी फायनलला बसू का?"

तेव्हा मराठी सातवीची परीक्षा म्हणजे फायनल. ती पास झाली की पोर मास्तरीण होऊ शकायची, पंचक्रोशीत नाव व्हायचं. बाहेरून बसता यायचं. मी विचारलं, "तुम्हाला नोकरी करायची आहे?" त्यांनी मान हलवली.

"नोकरी कशाला? घरात काय कमी हाय. मी बक्षिसं वाटती. लोक म्हन्त्यात, परशिडेंटीणबाई लई हुशार. कशावरनं म्हन्त्यात? मी त्यांची बायको हाय म्हनून. मला खरंच येतं का न्हाई, ह्ये मला आजवर कोनी सांगितलं न्हाई. एकदा कोनीतरी मला तपासावं, आन् मग सांगावं, येतं म्हनून. न्हाई येत, तर तसं सांगावं."

एवढंच हवं होतं त्या बाईला. दागिना नको, मान नको, खुर्ची नको. कुणीतरी आपली परीक्षा घ्यावी.

परशिडेंटसाहेब दिलदार माणूस. आधी मोठ्यानं हसले आणि मग चावडीसमोर सगळ्यांना सांगत सुटले, "आमची मंडळी औंदा फायनलला बसत्यात बरं का. मी चौथीत दोनदा बसलो, त्या सातवीत एकदाच बसणार." सासूला ते पसंत नव्हतं. पण मुलाच्या शब्दापुढं ती जात नसे. यमुनाबाईंचं नाव घातलं गेलं. शाळेच्या दिवशी शाळेत, नाहीतर दुपारी मी त्यांच्या घरी. माजघरात जात्यापाशी आमची शिकवणी चालायची. बाहेर रब्बीची ज्वारी हुरड्याला आलेली, उन्हातही थंडीची शिरशिरी असायची. त्या भूगोल पाठ करायच्या आणि हातानं शेंगा सोलायच्या. व्याजाची गणितं त्यांना चटकन यायची. अक्षर मात्र कोंबडीचे पाय. मी रागवायचे, "वहिनी, तपासणारा काय तुमच्या नवऱ्याला ओळखतो? त्याला वाचता आलं पाहिजे." त्या म्हणायच्या, "ओळखत न्हाई म्हनूनच तर लिहिती." मग पुन्हा पाटी पुसायच्या आणि पहिल्यापासून लिहायच्या. कंटाळल्या असं एकदाही झालं नाही.

त्या दिवसांत मी सुखी होते. हे सांगायला आता कशाला लाजू? कुणाच्या तरी घरी दुपारी आपली वाट बघितली जाते, आपण गेल्यावर चहाचं आधण चढतं, आणि माणूस आपल्याकडून काहीतरी घ्यायला आसुसलेलं असतं, हे विधवेच्या वाट्याला तेव्हा कुठलं?

होळी झाली आणि परशिडेंटसाहेब तापानं पडले. विषमज्वर होता. नगरहून डॉक्टर आणला. गावानं देव पाण्यात ठेवले. रंगपंचमीला कुणी रंग खेळलं नाही, आणि पाडव्याआधीच ते गेले. मी शाळा बंद करून मुलींना घरी पाठवलं. घराबाहेर गाव जमलं होतं. आतून बांगड्या फोडल्याचा आवाज आला. तो आवाज मी माझ्या स्वतःच्या हातांवर ऐकलेला आहे, त्यामुळं मला तिथं उभं राहवलं नाही.

त्या घराण्याची रीत कडक. मोठं घर, म्हणजे रीतही मोठी. विधवेनं वर्षभर कोपरा धरायचा. आतल्या अंधाऱ्या खोलीत घोंगडीवर बसायचं, उजेडात यायचं नाही, उंबरा ओलांडायचा नाही, सवाष्णींना तोंड दाखवायचं नाही. गावातल्या बायका ठरलेल्या वारी येऊन भेटून गेल्या आणि नंतर कुणी फिरकलं नाही. मी मात्र रोज जाऊ शकत होते. माझं आणखी काय वाईट व्हायचं राहिलं होतं? मी गेले की सासू बाजूला सरायची. खोलीला झरोका होता, हातभर. त्याच्याखाली यमुनाबाई बसायच्या, मोकळ्या कपाळानं. मला वाटलं होतं रडतील, गळ्यात पडतील. तसं झालं नाही. माणूस गेल्यापासून त्या रडल्याच नव्हत्या. पहिल्या दिवशी मी टेकले तशा त्या म्हणाल्या, "बाई, नद्या म्हनून घ्या. इसरतील."

मी नद्या म्हणून घेतल्या. गोदावरीपासून सुरुवात केली. त्या अंधारात प्रवरा, मुळा, सीना, भीमा एकामागून एक येत होत्या, आणि उंबऱ्याबाहेर सासू धान्य निवडत बसली होती.

शाळेत वेगळंच चाललं होतं. नवा परशिडेंट झाला. त्याची बायको एक दिवस शाळेत येऊन गेली. चांगली होती बिचारी, तिला काय बोलायचं. ती गेल्यावर रशीदानं विचारलं, "बाई, साहेब वारले म्हंजी साहेबांची जागा मोकळी झाली. पर परशिडेंटीणबाई कुठं वारल्यात? त्यांची जागा का मोकळी झाली?"

मी तिला खाली बसायला सांगितलं. वर्गात पुन्हा त्या धड्याचं नाव काढलं नाही. माजघर, ओसरी आणि शाळा एवढं मोठ्या दिमाखात लिहिलं होतं मी. शाळेनंतर कोपरा लिहायचा राहिला होता, आणि तो मला, मलाच, ठाऊक असायला हवा होता.

परीक्षा जवळ आली तशी मी धीर करून सासूला विचारलं. ती ओसरीच्या कडेला सूप घेऊन बसली होती. म्हटलं, आजी, चार दिवसांचा प्रश्न आहे. मी स्वतः नेते, स्वतः आणते. नगरला कुणी ओळखणार नाही. पदर पुढं ओढून बसतील, लिहितील आणि परत येतील. म्हातारीनं सूप खाली ठेवलं.

"मास्तरीणबाई, तुमाला कोपऱ्यातनं कोनी उठवलं?"

"वडिलांनी."

"हिला बाप न्हाई. भाऊ हाय, पर त्यो बायकूच्या वंजळीनं पानी पितो. हिला उठवनार कोन? मी? मी उठवली तर गाव मला बोलंल, त्ये मी सोशीन. पर त्ये माझ्या पोराला बोलंल. परशिडेंटाची राख गार झाली न्हाई आन् बायकू मोटारीत बसली म्हन्तील. त्याच्या माघारी त्याला कोनी नावं ठिवल्याली मला ऐकवनार न्हाईत." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमाला न्यायाचीच आसंल तर न्या. पर मग माघारी आनू नका."

मी आत गेले. यमुनाबाईंनी सगळं ऐकलं होतं. मी म्हटलं, चला, पुढचं पुढं बघू, मी आहे. त्या म्हणाल्या, "तुमी हाय, व्हय. पर पोरगी ह्या घरात हाय. आन् आत्याबाईंचा ल्योक गेलाय, बाई. माझा नवरा गेला, त्यांचा ल्योक गेला. त्यांना सोडून आत्ता मोटारीत कशी बसू?" मी खूप बोलले. तिथल्या तिथं मला राग आला, म्हातारीचा, गावाचा, यमुनाबाईंचासुद्धा. शेवटी त्या म्हणाल्या, "पोरींना नीट न्या. हिराला मोटार लागती, तिला पुढं बसवा."

सर्व्हिस मोटारीत मी सातवीच्या पोरींना घेऊन बसले. मांडीवर वळकट्या, फडक्यात बांधलेल्या दशम्या, दौती सांडू नयेत म्हणून हातात धरलेल्या. नगरला एका ओळखीच्या घरी उतरलो. परीक्षेच्या सकाळी मी शाळेच्या पडवीत उभी होते. आत नंबर पुकारले जात होते. यमुनाबाईंचं नाव तीनदा पुकारलं. मग नावं पुकारणाऱ्या गृहस्थांनी "गैरहजर" म्हटलं आणि पुढचं नाव घेतलं. त्यांची काय चूक? त्यांच्या दृष्टीनं ते एक नाव होतं. रशीदा पेपर सुटल्यावर रडत बाहेर आली. मला वाटलं अवघड गेला. "सोपा हुता, बाई," ती म्हणाली, "पर माझ्या शेजारचं बाक त्यांचं हुतं. तिकडं बघून हात चालंना." त्या पोरीला मी आयुष्यात पहिल्यांदा जवळ घेतलं.

यमुनाबाई फायनलला कधीच बसल्या नाहीत. पुढच्या वर्षी बसतील अशी मला आशा होती, पण सासू त्याच पावसाळ्यात वारली आणि दिरानं गावातलं घर बंद करून सगळ्यांना जामखेडच्याही पलीकडं, शेतावर नेलं. काही वर्षांनी नगरच्या मोटार स्टँडवर त्या मला दिसल्या. डोक्यावर गाठोडं, शेजारी लग्नाला आलेली मुलगी. मी परीक्षेचं विचारलं. हसल्या. म्हणाल्या, "आता कुठं, बाई. आता अक्षर बघाल तर रूळ घ्याल हातात." त्यांची मोटार आली, त्या चढल्या. पुन्हा भेट नाही.

आता काळ बदलला म्हणतात, आणि बदललाच आहे. आमच्या त्या गावात सध्या नगराध्यक्ष बाई आहे. राखीव जागा झाली ना. भाचा मध्ये तिकडं जाऊन आला. मी विचारलं, कशी आहे रे बाई? तो म्हणाला, "बाई दिसली नाही, आत्या. मीटिंगमध्ये तिचा नवराच बोलत होता. ती चहा पाठवत होती." रशीदा असती तर तिनं काहीतरी विचारलं असतं. ती पुढं मास्तरीण झाली, सोलापूरकडं गेली. दोन वर्षांपूर्वी ती गेल्याचं कळलं. अशी एकेक माणसं जातात आणि त्यांच्याशी जे बोलायचं असतं ते माझ्याकडं तसंच पडून राहतं. म्हातारपणाचं दुखणं म्हणाल तर गुडघे नाहीत, हे आहे.

समोरची घंटा झाली. पोरी बाहेर पडल्या. फाटकाशी आया एकच प्रश्न विचारताहेत, कसा गेला, काय काय आलं होतं. तो प्रश्न मला कुणी विचारला होता ते सांगते आणि मग आत जाते, नाहीतर भाचेसून रागावेल.

नगरहून परतले त्या दुपारी मी घरीसुद्धा गेले नाही. मोटारीतून उतरले ती थेट त्यांच्याकडं. पाय धुळीनं भरलेले, डोक्यावर ऊन. सासू उंबऱ्याशी तूर निवडत होती. आतून यमुनाबाईंनी विचारलं, "पोरींना कसा गेला?" मी म्हटलं, बरा. मग त्यांनी विचारलं, "काय काय आलं हुतं?"

मी पिशवीतून छापील प्रश्न काढले. झरोक्याखाली धरून वाचायला लागले. पहिलं गणित मी वाचून संपवलं आणि त्यांनी उत्तर सांगितलं. मी दुसरं वाचलं. मग तिसरं. थांबले नाही. इतिहास झाला, भूगोल झाला, नद्या आल्याच होत्या. एका ठिकाणी त्या अडल्या, "ह्ये न्हाई येत, पुढचं घ्या," म्हणाल्या. कुठल्याही परीक्षेला बसलेलं पोर म्हणतं तसंच. बाहेर तुरीचा आवाज थांबला होता, ते मला जरा उशिरा कळलं.

शेवटी निबंध. विषय होता सुगीचे दिवस. मी म्हटलं, हा राहू द्या, तोंडी कसा सांगणार? त्या म्हणाल्या, "सांगती." आणि घोंगडीवर नीट मांडी घालून बसल्या. पहिली दोन वाक्यं मी शिकवली होती तशी, पुस्तकी बोलल्या. मग ते सुटलं.

"सुगी आली की आमच्या पारनेराकडं घरं वस पडत्यात. समदी रानात. माझा बा खळ्यावर उंच उभा ऱ्हाऊन ज्वारी उफनायचा. वारं आलं की भुसा एकीकडं, दानं एकीकडं. मी खाली उभी ऱ्हायची. डोळ्यांत कचरा जायचा, पर हलायची न्हाई. रास झाली की बा पयली मूठ माझ्या वट्यात घालायचा. मग लगीन झालं. ह्या घरात सुगी पोत्यात भरून दारात येती. मी आतनं बघायची. एक डाव ह्यांना म्हनलं, मला खळ्यावर न्या. हसले. परशिडेंटाची बायकू खळ्यावर जाती व्हय, म्हनले. पर दुसऱ्या दिशी उजाडताना गाडी जुपली आन् मला नेलं. गडी यायच्या आत. मला वर चढवलं, हातात सूप दिलं, आन् सोता खाली उभे ऱ्हायले. म्हनले, उफन आता. मला वाऱ्याचा अंदाज ऱ्हायला न्हवता. समदा भुसा त्यांच्या अंगावर. टोपी, मिशा, समदं पिवळं. तरी हलले न्हाईत. मी हसती म्हनून तेबी हसाय लागले. आमी लई हसलो. उन्हं वर यायच्या आत घरी आलो. कोनाला सांगितलं न्हाई. त्या सालची ज्वारी लई गोड लागली." त्या थांबल्या. "एवढंच. किती मार्क, बाई?"

उंबऱ्यातून म्हातारीचा आवाज आला, "ह्ये त्यानं मला कदी सांगितलं न्हाई." ती उठून आत आली होती. भिंतीला धरून उभी होती. तिनं मला विचारलं, "मास्तरीणबाई, ही तिकडं गेली आसती तर पास झाली आसती?"

मी म्हटलं, "झाली असती, आजी. पास आहेत त्या."

म्हातारी बाहेर गेली. मला वाटलं रागावून गेली. ती परत आली ती मुठीत गुळाचा खडा घेऊन. घरात माणूस गेलेला, वर्षभर कुणी गोडाला हात लावायचा नव्हता. तिनं तो खडा सुनेच्या हातावर ठेवला.

"खा," ती म्हणाली. "त्यो आसता तर गावभर पेढं वाटलं आसतं त्यानं."

यमुनाबाईंनी गूळ तोंडात घातला, आणि माणूस गेल्यापासून पहिल्यांदा त्यांना रडू फुटलं. म्हातारी खाली बसली. सुनेचं डोकं मांडीवर ओढून घेतलं आणि तिच्या पाठीवरनं हात फिरवत, कुणाला तरी लांब ऐकू जावं अशा आवाजात म्हणत राहिली, "पास झाली रं ही. पास झाली तुझी बायकू."